न फिरवल्यामुळे!

मराठी भाषा मोठी चोखंदळ आहे. जनावराने मागे काय टाकले एवढे सांगून तिचे समाधान होत नाही. कोणी टाकले, तेही ती त्याच शब्दात सांगून मोकळी होते. गाईम्हशींचे ते शेण, शेळ्यामेंढ्यांच्या त्या लेंड्या, पाखरांची ती शीट आणि घोड्याची ती लीद. माणसाचे कुजवून शेताला घातले, तर त्याला आपल्या शेतकऱ्याने चक्क 'सोनखत' म्हटले! ज्याचे नाव चारचौघांत घ्यायचे नाही, त्याला सोन्याच्या पंक्तीला बसवणारी ही भाषा शिकवण्यावर माझा चरितार्थ चालतो, याचा मला मधूनमधून फार अभिमान वाटतो.

या गोतावळ्यात शेणाचे नशीब थोर. त्याने अंगणे सारवली गेली, त्याच्या गोवऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाकऱ्या भाजल्या गेल्या, पंचगव्याच्या निमित्ताने ते देवघरापर्यंतही जाऊन आले. लिदीला हे भाग्य लाभले नाही. वास्तविक मराठ्यांचा इतिहास घोड्याच्या पाठीवर घडला. पागेचा हिशेब ठेवणाऱ्यांचे वंशज आज पागनीस म्हणून आपल्या शेजारी राहतात. खोगिरात भरायच्या सटरफटर मालावरून आलेला 'खोगीरभरती' हा शब्द समीक्षकांच्या तर फारच उपयोगी पडतो. लगाम, टाप, टाच, रिकीब, खरारा, घोड्याचे सगळे सामान भाषेच्या माजघरापर्यंत आले. लीद तेवढी पागेच्या दाराशीच थांबली.

तिची नि माझी ओळख झाली ती एका भिंतीमुळे. पुण्याच्या एका उपनगरात आमची सोसायटी आहे. सव्वाशे बिऱ्हाडे, चार इमारती आणि मागच्या बाजूला पुरुषभर उंचीची भिंत. भिंतीपलीकडे घोडेस्वारी शिकवणारी एक छोटी शाळा आहे. सहा घोडे, पत्र्याचा तबेला, एक रिंगण आणि तिथेच एका खोलीत राहणारे मोतद्दार. त्यांना सगळे मामा म्हणतात. आम्ही राहायला आलो तेव्हा जागा विकणाऱ्याने 'बाल्कनीतून घोडे दिसतात' हे मोठ्या कौतुकाने सांगितले होते. घोडे दिसतात तिथे लीदही असणार, हे त्याने सांगितले नाही आणि घेणाऱ्यांपैकी कोणी विचारलेही नाही. मध्यमवर्गीय माणूस देखाव्याचे पैसे मोजतो. देखाव्याच्या पोटात काय चालते हे त्याला पुढे कळते.

आम्हांला ते तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कळले. पश्चिमेचा वारा सुटला की नाकात झोंबणारा एक उग्र दर्प घरात शिरू लागला. पाठोपाठ माश्या आल्या. भिंतीला टेकून लिदीचा आणि घोड्यांखालच्या अंथरुणाचा एक डोंगर उभा राहिला होता आणि तो रोज वाढत होता. चारशे-साडेचारशे किलोचा घोडा लीद नि मूत्र मिळून दिवसाला वीस किलोहून अधिक काहीतरी मागे टाकतो. सहा घोड्यांचे शंभर-सव्वाशे किलो, आणि रोज उपसून काढलेले ओले अंथरूण वेगळेच. डोंगर व्हायला कितीसा वेळ लागणार?

सोसायटीची सभा भरली. महापालिकेकडे तक्रार करायची, जागेच्या मालकालाही पत्र द्यायचे, आणि दोन महिन्यांत हा तबेला इथून उठला पाहिजे असे लिहायचे, यावर सर्वांचे एकमत झाले. आमच्या सोसायटीच्या इतिहासातले ते पहिलेच एकमत असावे.

याच सभेत दुसऱ्या एका घाणीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर खाली, शेवटून दुसरा होता. २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांनी मोठ्या गृहसंकुलांवर आपला ओला कचरा शक्य तो आपल्याच आवारात जिरवण्याची जबाबदारी टाकली. त्याप्रमाणे आम्हीही वाहने ठेवण्याच्या जागेजवळ विटांचे दोन हौद बांधून घेतले होते. त्यांत सव्वाशे घरांच्या भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा नि शिळे अन्न पडे आणि त्याचा काळा, बुळबुळीत चिखल होई. झाकण उघडले की नासक्या कोबीचा वास सुटे. पण आपल्या घाणीचा वास आपल्याला तितकासा येत नाही, ही निसर्गाची मोठी दयाळू योजना आहे. तो विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

माझे सासरे सभेत एक शब्दही बोलले नाहीत. ते पस्तीस वर्षे बँकेत होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचे बोलणे फार कमी झाले होते. सकाळी वर्तमानपत्र, मग बाल्कनीतली खुर्ची आणि समोरचे घोडे. आम्ही नोकरीला निघताना ते ज्या खुर्चीत असत, परत येताना त्याच खुर्चीत दिसत. त्या रात्री जेवताना ते एकदम म्हणाले, "तक्रार लिहिण्याआधी एकदा पलीकडे जाऊन बघावं म्हणतो. उद्या तुला वेळ आहे का गं?"

मला वेळ होता. नसता तरी काढला असता. कारण कित्येक महिन्यांनी त्यांनी आपण होऊन काहीतरी मागितले होते.

भिंत ओलांडायला आम्हांला मोठ्या रस्त्याने वळसा घालून पंधरा मिनिटे लागली. मामा एका पांढऱ्या घोडीला खरारा करत होते. साताऱ्याकडचे, साठीच्या आसपासचे, मोजके बोलणारे. आम्ही भिंतीपलीकडचे आहोत हे कळताच त्यांच्या हातातला ब्रश थांबला. "नोटीस घेऊन आलात का, ताई?" त्यांनी विचारले. घोड्यांचे काय व्हायचे ते मालक बघतील. पण तबेला उठला तर त्यांची खोलीही उठणार होती.

बाबा म्हणाले, "नाही हो. नुसतं विचारायला आलोय. हा ढीग पूर्वी नसायचा. आत्ताच कसा झाला?"

हा प्रश्न सभेत कोणी विचारला नव्हता. मामांनी त्याचे उत्तर सरळ दिले. पूर्वी घोड्यांखाली भाताचा पेंढा पसरत. पंधरा दिवसांनी एक गुलाबवाला शेतकरी ट्रक घेऊन येई आणि सगळे भरून नेई, वर चहापाण्याला पैसे देई. मग पेंढा महागला. मालकांनी वखारीतून लाकडाचा भुसा आणायला सुरुवात केली. घोड्याला तो चांगला, ओल लवकर टिपतो, उपसायला सोपा. पण पुढच्याच खेपेला गुलाबवाल्याने तक्रार केली की, हे खत घातल्यापासून झाडे पिवळी पडली. तो यायचा थांबला, आणि ढीग वाढत गेला.

घरी येताना बाबा गप्पच होते. पण ते गप्प बसणे निराळे होते. हिशेबात दोन रुपयांचा फरक निघाल्यावर बँकेतला माणूस जसा गप्प बसतो, तसे.

सासूबाईंचे माहेर इंदूरचे. होळकरांच्या राज्यातल्या मराठी माणसाला आपल्या गावाचा जो अभिमान असतो, तो त्यांना पुरेपूर होता. सराफ्यातल्या खाण्यापासून ते राजवाड्यापर्यंत इंदूरचे सगळे काही जगात पहिले! खतालासुद्धा जगात इंदूरचे नाव आहे, असे त्या म्हणत, आणि आम्ही सगळे हसत असू. बाबांना ते आता आठवले. एका विद्यार्थ्याला सांगून मी शोध घेतला, तर सासूबाईंचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या वनस्पतिसंशोधन संस्थेत कंपोस्ट करण्याची जी रीत बसवली, ती सगळ्या जगात 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. १९३१ साली या विषयावर जे पुस्तक ऑक्सफर्डने छापले, त्यावर हॉवर्डच्या नावाशेजारी दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. एका मराठी नावाचा खतासारख्या विषयात असा जागतिक मान, आणि आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना त्याची गंधवार्ता नसावी! पण आम्हांला गंध नकोच असतो, तिथे वार्ता कुठून येणार?

त्या इंदूर पद्धतीतली एक गोष्ट वाचून बाबा खुर्चीत सरळ होऊन बसले. तिथे शेतातला पालापाचोळा, काड नि धसकटे थेट खड्ड्यात टाकत नसत. आधी ती बैलांखाली अंथरूण म्हणून पसरत. रात्रभर जनावर त्यावर उभे राही, बसे. खुरांखाली काड चुरे, मुताने भिजे. सकाळी ते शेणासकट उचलून खड्ड्यात नेत. म्हणजे अंथरूण हा खताच्या कामातला अडथळा नव्हता. खताची ती पहिली पायरी होती. जनावराखालचे अंथरूण ही घाण नव्हे, हा अर्धा शिजलेला स्वयंपाक आहे!

पुढचे गणित बाबांनी बँकेच्या रीतीने मांडले. कुजवणारे जंतू हे एक बिऱ्हाड समजा. त्यांना जाळायला कर्ब लागतो आणि अंग धरायला नत्र. पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र, असे प्रमाण जमले की हे बिऱ्हाड सुखाने नांदते. नुसत्या लिदीत हे प्रमाण जवळजवळ जुळलेलेच असते. पेंढ्यात एका भाग नत्रामागे कर्ब ऐंशीच्या घरात जातो; तरी लीद नि मूत्र त्याला सांभाळून घेतात. लाकडाच्या भुशात मात्र तो काही शेकड्यांवर असतो. हा भुसा न कुजता मातीत गेला, की त्याला कुजवताना जंतू मातीतलेच नत्र उचलतात आणि झाडे उपाशी राहतात. गुलाब पिवळे पडले ते यामुळे.

"खात्यात जमा उदंड आहे," बाबा म्हणाले, "पण सगळी एकाच नाण्यात. नत्र आणायचं कुठून?"

ते आमच्या हौदात पडून कुजत होते! स्वयंपाकघरातला ओला कचरा नत्राने श्रीमंत. पण पाण्याने जड, आणि हवेला त्याच्यात वाव नाही. हवा न मिळाल्यामुळे तो कुजत नव्हता, नासत होता. भिंतीच्या अलीकडे कोरड्या कर्बाचा दुष्काळ आणि पलीकडे त्याचा डोंगर. पलीकडे नत्राची वाण आणि अलीकडे त्याचा चिखल. दोन घाणी एकमेकींच्या शेजारी राहत होत्या, एकीचे औषध दुसरीपाशी होते, आणि मध्ये पुरुषभर उंचीची भिंत होती.

तो नाकात झोंबणारा दर्पही असाच उलगडला. घोड्याच्या मुतातल्या युरियाचे जंतू अमोनियात रूपांतर करतात आणि अमोनिया वाऱ्यावर उडून जातो. अमोनिया म्हणजे नत्रच. आम्ही ज्या वासाने नाक दाबून घेत होतो, तो वास म्हणजे हवेत उडून चाललेले खत होते. ते धरून ठेवणारे कोरडे पांघरूण वर असले, की वासही थांबतो आणि नत्रही राहते.

बाबांनी पुढच्या सभेत हे सगळे एका कागदावर मांडले. विरोध अपेक्षेप्रमाणे झाला. "घोड्याची लीद आमच्या भाजीच्या देठांत कालवणार?" असे एका बाईंनी विचारले. जणू काही ती देठे नंतर त्या पुन्हा भाजीत घालणार होत्या! अध्यक्षांना भिंतीत दार पाडण्याची काळजी होती. तबेल्यातली माणसे आवारात येतील म्हणून. बाबांनी शांतपणे सांगितले, "तीन महिने द्या. नव्वद दिवसांत वास गेला नाही, तर तक्रारीवर पहिली सही माझी." बँकेतल्या माणसाने मुदत मागितली की लोकांना नकार देववत नाही. तक्रार थांबली. भिंतीत एक लहानशी दिंडी पाडण्यात आली. तिला दोन्हीकडून कडी होती.

मग सुरू झाले प्रत्यक्ष काम. तबेल्यातले अंथरूण दोन घमेली, ओला कचरा एक घमेले, असे थर रचायचे. तळाला जाड काटक्या, म्हणजे खालून हवा शिरते. मूठभर माल घेऊन पिळला, तर एखाददुसरा थेंब गळावा; धार लागली तर पाणी जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. ढीग कंबरेपेक्षा उंच हवा. छोट्या ढिगाला ऊब धरत नाही. वर कोरड्या पेंढ्याचे पांघरूण. मामांना यातले शास्त्राचे शब्द ठाऊक नव्हते. पण कुठे दाबायचे नाही, कुठे सैल सोडायचे, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. बाबांनी आणि त्यांनी दोघांनीही धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले, हातांत मोजे घातले. कारण धनुर्वाताचे जंतू लिदीत नि मातीत असू शकतात. घोड्यांना जंतांचे औषध दिल्यावर आठवडाभराची लीद मामा वेगळ्या ढिगात टाकत. औषधाचा अंश लिदीत उतरतो आणि मातीतल्या उपयोगी किड्यांनाही मारतो. तो ढीग अधिक काळ कुजू द्यायचा.

तिसऱ्या दिवशी बाबांनी ढिगात एक लोखंडी सळई खुपसून ठेवली आणि थोड्या वेळाने बाहेर काढली. मला म्हणाले, "धर बघू." मी धरली नि लगेच सोडली. सळई चुलीतून काढल्यासारखी तापली होती! पुढे त्यांनी त्यासाठी लांब दांड्याचे तापमापक आणले. त्याच्यावर साठ अंश उतरले होते. इतक्या उष्णतेला माश्यांच्या अळ्या मरतात, घोड्याच्या पोटातून आलेली तणाची बीजे मरतात, जंतांची अंडी मरतात. ना विस्तव, ना इंधन. नुसत्या जंतूंच्या खाण्याने ही ऊब उत्पन्न होते.

लिदीला ही ऊब लवकर धरते, याचे कारण घोड्याच्या पोटात आहे. गाय रवंथ करते. तिच्या चार कप्प्यांच्या पोटातून गवत गाळून निघते. घोडा रवंथ करत नाही. त्याचे पोट एकच नि लहान. गवताचा कठीण भाग पुढे मोठ्या आतड्यात आंबतो आणि पुष्कळसा तसाच बाहेर पडतो. म्हणून शेण ओले, दाट, थंड. तर लीद मोकळी, कोंडेदार, हवा खेळवणारी. युरोपातल्या माळ्यांनी या गुणाचे चीज केले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसभोवतालचे भाजीवाले शहरातल्या घोड्यांची लीद नि पेंढा वाफ्यात दडपून भरत, वर माती घालून काचा ठेवत आणि कडाक्याच्या थंडीत कोवळी भाजी काढत. तिथल्या जुन्या दगडखाणींच्या अंधारात याच लिदीवर अळिंबी पिकत असे. घोडे शहरात धान्य नि गवत ओढून आणत. शहर त्यांची लीद बाहेर पाठवी आणि तिची भाजी होऊन परत येई.

पण आमचा ढीग आठवड्याभराने थंड पडू लागला. बाबा काळजीत पडले. मामा म्हणाले, "बाबा, घोडा का अडला?"

तुम्हांलाही हे कोडे लहानपणी कोणीतरी घातले असेल. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच: न फिरवल्यामुळे! बाबा क्षणभर मामांकडे बघत राहिले आणि मोठ्याने हसले. दोन वर्षांत ते असे हसलेले आम्ही ऐकले नव्हते.

ढिगाचेही तेच होते. मधली हवा संपली, की आतले जंतू गुदमरतात. बाहेरचा माल आत, आतला बाहेर, असा सगळा ढीग फिरवला की तो पुन्हा पेट घेतो. इंदूरलाही तीन महिन्यांत तीनदा ढीग फिरवत. न फिरवताही खत होते, नाही असे नाही. १९३९ साली आचार्य नावाच्या शास्त्रज्ञांनी बसवलेल्या बंगलोर पद्धतीत खड्डा एकदा मातीने लिंपला की हात लावायचा नसतो. पण त्याला सहा-आठ महिने लागतात, आणि सभेने आम्हांला नव्वदच दिवस दिले होते. दर रविवारी सकाळी सातला दिंडीची कडी निघू लागली. दोन म्हातारे, दोन फावडी आणि एक वही. ढिगाचा क्रमांक, दिवस, तापमान, पाणी किती, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात एकदा मी वाचले: 'मामांच्या मते भुसा जास्त. मत बरोबर.'

या कोड्याचा मी वर्गात शिकवताना अनेकदा उपयोग केला आहे. लोकवाङ्‌मयातला चातुर्याचा नमुना म्हणून. पण चातुर्याच्या आत केवढे निरीक्षण आहे ते मला ढिगापाशी उभे राहून कळले. पान, भाकरी आणि घोडा, तिन्ही एकेका घरातल्या रोजच्या राखणीच्या गोष्टी. त्या वाईट म्हणून बिघडत नाहीत. त्यांना कोणाचा हात लागत नाही म्हणून बिघडतात. 'टाकाऊ' हा वस्तूचा गुण आहे असे आपण समजतो. पण 'टाकाऊ' हा शब्द 'टाकणे' या क्रियापदापासून आला आहे, आणि क्रियापदाला कर्ता असतो. वस्तू टाकाऊ नसते. कोणीतरी ती टाकलेली असते.

सहाव्या-सातव्या आठवड्यात ढिगात राखेसारखे पांढरे तंतू दिसू लागले. आमच्याकडची मंडळी बुरशी आली म्हणून घाबरली. पण ते शुभलक्षण होते. लाकडासारखा चिवट माल कुजवणारे ते जंतू असतात, आणि त्यांच्यातल्याच काहींमुळे मातीला पहिल्या पावसाचा वास येतो. मृद्गंध म्हणून आपले कवी ज्याने वेडे होतात, तो वास! नव्वदाव्या दिवशी बाबांनी ढिगातली एक ओंजळ कागदावर घेतली आणि सभेत फिरवली. काळी, भुसभुशीत, थंडगार. ढीग उतरून निम्म्यावर आला होता. त्या देठवाल्या बाईंनी ती हुंगून पाहिली, पुन्हा हुंगून पाहिली, आणि विचारले, "माझ्या मोगऱ्यासाठी थोडं मिळेल का हो?"

तक्रारीचा कागद कोणीतरी फाडला. तो ढिगात टाकावा असे मी सुचवले, कारण कागद म्हणजेही कर्बच!

इथे ही गोष्ट संपली असती, तर ती कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक अहवालात शोभली असती. पण त्या पांढऱ्या घोडीची गोष्ट राहिली. ती चोवीस वर्षांची. घोड्याचे आयुष्य पंचवीस-तीस वर्षांचे, म्हणजे ती पिकले पान. गुडघे दुखत असल्यामुळे तिच्यावर आता कोणी बसत नाही. गेल्या वर्षी मालकांनी मामांना विचारले, "हिला आता कशाला पोसायची? दाणा, गवत, डॉक्टर. काम काही नाही." पोसायची नाही म्हणजे काय करायचे, हे त्यांनी सांगितले नाही, पण मामांना ते न सांगता कळले. त्या दिवशी ते दिंडीतून आमच्याकडे आले. पहिल्यांदाच घरात आले. दारात चपला काढून उभे राहिले. बाबांनी त्यांना आपल्या बाल्कनीतल्या खुर्चीवर बसवले आणि स्वतः स्टूल घेतले.

बाबांनी वही उघडली. गेल्या पावसाळ्यापासून आसपासचे दोन रोपवाटिकावाले पोत्यांनी खत नेऊ लागले होते. तो गुलाबवालाही एकदा येऊन बघून गेला होता. पैसे मालकांच्या आणि सोसायटीच्या खात्यात वाटले जात. बाबांनी एकेका घोड्याच्या नावाने हिशेब मांडला. लीद किती, अंथरूण किती, खत किती, त्याचे पैसे किती. दुसऱ्या दिवशी ते तो कागद घेऊन मालकांकडे गेले. तिथे काय बोलले ते मामांनी मला नंतर सांगितले. "बाबा म्हणाले, साहेब, पाठीच्या कामातून ही घोडी निवृत्त झालीय. पण पोटाच्या कामातून नाही. बाकीच्या पाचांइतकंच ती रोज देते. तिचा निम्मा दाणा या वहीतून निघतो. उरलेला निम्मा माझ्या पेन्शनीतून घाला, पण तिला राहू द्या."

मालक भला माणूस असावा, किंवा बँकेच्या अक्षरातल्या हिशेबाला दबला असावा. घोडी राहिली.

मी हे ऐकले तेव्हा काही बोलले नाही. 'काम काही नाही' हे शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारले नव्हते. पण बाल्कनीतल्या त्या खुर्चीला ते दोन वर्षे ऐकू येत असावेत.

शाळेच्या जागेचा करार पुढच्या मे महिन्यात संपतो. आजूबाजूला उंच इमारती उठत आहेत, आणि सहा घोड्यांपेक्षा साठ सदनिका जास्त पैसे देतात, हे सांगायला बँकेतला माणूस लागत नाही. घोडे राहतील, कदाचित जातील. मामा म्हणतात, गेले तर साताऱ्याला जाईन आणि तिथे ढीग घालीन. म्हशी आहेत, पाचट आहे. बाबांनी त्यांच्यासाठी वहीची एक नक्कल करायला घेतली आहे, मोठ्या अक्षरांत. त्यांचा खांदा आता फावड्याला साथ देत नाही. फिरवण्याचे काम मामा करतात आणि बाबा तापमापक वाचतात. पण रविवारचे सात चुकत नाहीत.

दिवाळी यंदाही त्यांच्या मोजणीतून सुटणार नाही. गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून बाबा पहाटेच्या अंधारात खाली उतरले, म्हणून मीही शाल घेऊन मागोमाग गेले. हवेत थंडी होती. मामांनी ढीग फोडला आणि आतून पांढरी वाफ उसळून वर आली, बंबावरून यावी तशी. नरकासुराच्या नावाने पायांखाली चिरडलेली कारिटे बाबांनी फडक्यात बांधून आणली होती. मराठीत 'नरक' या शब्दाचा एक अर्थ घाण असाही आहे, हे मी त्यांना सांगणार होते. पण ते घाईत होते. त्यांनी कारिटे ढिगाच्या मधोमध टाकली, मामांनी वर दोन घमेली भुसा ओढला आणि विचारले, "बाबा, कितवा दिवस?"

"बाविसावा," बाबा म्हणाले. "एकसष्ट अंश."

पांढरी घोडी दिंडीतून मान काढून बघत होती. बाबांनी खिशातून गुळाचा खडा काढला नि तिच्यापुढे तळहात धरला.